बांधावरची सुई

केळीची कापणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी टोळीला ताकदीची सुई द्यायची, ही पितांबर मुकादमाची रीत होती. नांदखेड्यात दुसरा कुणी मुकादम असा खर्च करत नसे, आणि हे पितांबर स्वतःच सगळ्यांना सांगत असे. औषध लाल रंगाचं. ते टोचून घेतलं की घड हलके लागतात असं टोळीतले गडी शपथेवर सांगायचे. औषध पांढरं असतं तर त्यांनी इतक्या हौशीनं घेतलं असतं की नाही, शंकाच आहे.

सुई द्यायला सुपडू कंपाउंडर लुनावरून यायचा. पूर्वी तो तालुक्याच्या गावी एका डॉक्टरकडे पुड्या बांधायला होता. डॉक्टर वारले आणि सुपडू डॉक्टर झाला. माणूस वाईट नव्हता. कधीही हाक मारली तरी यायचा, हातचं राखून औषध देत नसे, आणि ज्या घरात कुणी आजारी असेल त्या घरचा चहा घेत नसे. त्याला जे शिकवलं गेलं नव्हतं ते त्याला येत नव्हतं, एवढंच.

ब्याण्णव सालचा श्रावण उतरत होता. पावसानं उघडीप दिली होती, पण बागेत अजून पाय रुतत होते. बांधावर गडी ओळीनं उभे राहिले. पहिला पितांबर मुकादम, मान त्याचा. मग टोळीतले जुने, मग त्यांच्याहून नवे, आणि सगळ्यात शेवटी निंबा, कारण तो टोळीत त्याच वर्षी आला होता. निंबाची बायको भिकुबाई जरा पलीकडे बायकांबरोबर घड ठेवायला केळीची पानं अंथरत होती. पुरुष पायजम्याची एक बाजू खाली करतात म्हणून बायका तिकडे बघत नव्हत्या. भिकुबाईनं मात्र बघितलं, कारण तिथे आपला नवरा होता आणि त्याला सुईची भीती वाटते हे तिला ठाऊक होतं.

सुपडूपाशी एका तांब्यात गरम पाणी होतं. एक गडी झाला की सुपडू तीच सुई तांब्यात बुडवायचा, झटकायचा आणि पुढच्याला टोचायचा. निंबाची पाळी येईतो पाणी निवून गेलं होतं. सुई शिरताना निंबा कळवळला आणि ओळीतले सगळे हसले.

"धार गयी वाटस सुईनी," निंबा म्हणाला.

"धार गयी तरी औषध तेच शे," पितांबर म्हणाला. "फुकट भेटस तठे बोटं नको दाखाडू."

कापणी सुरू झाली. बाग ओली असली की ट्रॅक्टर आत जात नाही, मग घड माणसांनीच बाहेर काढायचे. एकानं कोयत्यानं दांडा तोडायचा, दुसऱ्यानं खाली खांदा द्यायचा. खांद्यावर गोणपाटाची घडी, तिच्यावर घड, पायाखाली घोटाभर चिखल आणि मानेवरून केळीचा चीक. चीक कपड्याला लागला की जन्मात निघत नाही, त्यामुळे टोळीतल्या माणसाचे कपडे दुरून ओळखू येतात. निंबा अंगानं बारका पण कमरेचा खंबीर होता. पहिले काही दिवस त्यानं जुन्यांच्या बरोबरीनं घड वाहिले.

मग सुईच्या जागी गाठ आली. आधी ती आवळ्याएवढी होती. निंबानं कुणाला सांगितलं नाही, कारण ढुंगणावर गाठ आली हे सांगायचं कसं. तो नुसता जरा कलून चालायला लागला. बायका हसल्या, गड्यांनी त्याच्या चालीची नक्कल करून दाखवली, तोही हसला. घरी भिकुबाईनं भाकरी वाढली तर तो उभ्यानंच खाऊ लागला.

"बठता काब नही?" तिनं विचारलं.

"कटाळा उना बठाना," निंबा म्हणाला. दिवसभर घड वाहून आलेल्या माणसाला बसायचा कंटाळा येतो हे काही भिकुबाईला पटलं नाही. तिनं हात लावून बघितलं, तेव्हा तो ओरडला आणि तिचा हात चटका बसल्यासारखा मागे आला.

दुसऱ्या दिवशी बागेतून बाहेर येताना निंबाचा पाय मांडीपासून लुळा पडला. घड आधी पडला आणि त्याच्यावर निंबा पडला. केळी फुटली. व्यापाऱ्याचा माणूस ट्रकपाशी उभा होता, तो मुकादमाला वाटेल तसं बोलला, आणि मुकादम ते सगळं जसंच्या तसं निंबाला बोलला. निंबा चिखलात पालथा पडून ऐकत होता. त्याला उठताच येत नव्हतं.

घरी त्याची आई, धुरपदाबाई, होती. तिनं हळद-तेलाचं पोटीस बांधलं, वीट तापवून शेकलं. गाठ आता पेरूएवढी झाली होती, वरची कातडी ताणून चकचकीत दिसत होती आणि निंबा तापानं फणफणला होता. पितांबरानं सुपडूला पाठवलं. सुपडूनं गाठ बघितली आणि बॅग उघडत म्हणाला, "दुसरी बाजूले एक सुई देस. उतरी जाई."

"नको," भिकुबाई म्हणाली.

सासूसमोर आणि परक्या पुरुषासमोर ती असं कधी बोलली नव्हती. स्वतःच्याच आवाजानं ती दचकली. पण तोंडातून गेलं ते गेलं.

"सुई नको ते काय करशी?" धुरपदाबाईनं विचारलं.

"सरकारी दवाखानामा लई जासू."

सुपडू हसला. हसण्यासारखंच होतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याची त्या दिवसांत गावोगाव नालस्ती चालली होती. तिथे पूर्वी कुणी गेलं की डॉक्टर एक सुई द्यायचा आणि फारच अशक्त असेल तर सलाईनची बाटली लावायचा. आता म्हणे जिल्ह्यावरून हुकूम आला होता. खोकल्याला गोळी, अंगदुखीला गोळी, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी. सुई मागितली तर नाही म्हणत. बाटली मागितली तर पेला हातात देत. सरकार पैसे वाचवतंय, गरिबाच्या जिवावर काटकसर चालली आहे, असं लोक पारावर बोलत, आणि तेच लोक सुपडूकडे पैसे देऊन बाटली लावून घेत.

"तठे सुई बी देतस नही आते," धुरपदाबाई म्हणाली. "तठे काय लोकेसनं तोंड देखाले जाशी? मन्हा एकच आंडोर शे. त्याले काही कमीजास्त व्हयनं ते मी तुन्हं तोंड देखाव नही."

निंबाचा सोबती पुना शेजारीच राहायचा. भिकुबाईनं त्याला गाडी जुंपायला सांगितली. गाडीत केळीची पानं अंथरली आणि निंबाला पालथा घातला. धुरपदाबाई दारात उभी राहिली. गाडी निघाली तरी ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं भिकुबाईला वाटभर ऐकू येत राहिलं.

दवाखान्यात गावित सिस्टर होती. नवापूरकडची, अंगानं भरलेली, आवाज असा की व्हरांड्यातली कुत्रीसुद्धा उठून जात. तिनं निंबाला पालथाच खाटेवर घेतला, गाठीभोवती बोटानं दाबून पाहिलं आणि विचारलं, "सुई कुठे घेतली?"

"बांधवर," भिकुबाई म्हणाली.

"बांधावर," सिस्टर म्हणाली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. महाजन डॉक्टर तरुण होते, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. त्यांनी भिकुबाईला बाजूला घेतलं. पू खोल गेला आहे, कापून काढावा लागेल, म्हणाले. हाडापर्यंत गेला असेल तर इथे होणार नाही, जळगावला न्यावं लागेल, आणि मग पायाचं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही.

"पाय जाई का?" तिनं विचारलं.

"ताप उतरला तर नाही जाणार," डॉक्टर म्हणाले. त्यांनी धीर दिला असं त्यांना वाटलं. भिकुबाईला फक्त पाय एवढंच ऐकू आलं. घड वाहणाऱ्याचा पाय गेला तर मागे काय राहतं, याचा तिनं व्हरांड्यात बसून विचार केला.

गळू कापलं. आतून पातेलंभर पू निघाला असं पुना पुढे वर्षभर सांगत होता; त्याच्या सांगण्यात ते पातेलं दरवेळी मोठं होत गेलं. जखमेत लांब पट्टी भरली. निंबाला सुया द्यायच्याच होत्या, आणि भिकुबाईनं डोळे फाडून बघितलं. दवाखान्यात एक मोठा कुकर होता. तसा कुकर तिनं सरपंचाच्या घरी पाहिला होता, त्यात डाळ शिजायची. ह्यात काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया शिजत होत्या. सिस्टर चिमट्यानं एक सुई उचलायची, एका माणसाला टोचायची आणि ती वापरलेली सुई वेगळ्या भांड्यात टाकायची. पुढच्या खाटेला दुसरी सुई. त्याच्या पुढच्या खाटेला तिसरी.

ताप मात्र उतरला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. निंबा पालथा पडून कण्हत होता, ओठ सुकले होते. पलीकडच्या खाटेवर एका बाळंतिणीला बाटली लावली होती. थेंब थेंब पडत होता. भिकुबाईची नजर त्या थेंबावरून हलेना.

"शिस्टर, यास्लेबी एक बाटली लावा ना," ती म्हणाली.

"त्याला तोंडानं पिता येतं की नाही?"

"येस."

"मग पाजा. पेला हा घ्या, आणि सारखं पाजत राहा. तिचं रक्त गेलंय, तिला बाटली पाहिजे."

"मी पैसा देस."

सिस्टरनं तिच्याकडे बघितलं. "पैशाचा प्रश्न नाही, बाई. म्हणजे आहे, पण तुझ्या पैशाचा नाही. पूर्वी येईल त्याला बाटली लावत होतो. बाटल्या संपायच्या, आणि अशी एखादी रक्त गेलेली आली की आम्ही जळगावकडे बघत बसायचो. आता ज्याला पाहिजे त्यालाच. जे पैसे वाचले त्यातून जिल्ह्यानं प्रत्येक दवाखान्याला कुकर दिला, सुया दिल्या. समजलं? पाज त्याला."

भिकुबाईला अर्धंच समजलं. पण पेला तिनं घेतला आणि चमच्या-चमच्यानं पाजत बसली. निंबा तोंड फिरवायचा, ती त्याचं तोंड पुन्हा वळवायची.

तिथे आणखी एक पद्धत होती. पेशंटजवळ बसलेल्या बायकांना सिस्टर रिकामं बसू देत नसे. साबणानं हात धुवायला लावायची आणि जाळीच्या कापडाच्या घड्या घालायला बसवायची. घड्या डब्यात भरून वाफेवर जायच्या आणि मग जखमांवर. भिकुबाईला ते बरं वाटलं. हात चालू असले की डोकं कमी चालतं.

एक घडी तिच्या हातून खाली पडली. तिनं उचलली, फू करून धूळ उडवली आणि ढिगात ठेवली. घरी भाकरीचा तुकडा पडला तर आपण हेच करतो. सिस्टर कुठून बघत होती कोण जाणे. ती आली, सगळा ढीग ओढला आणि बादलीत टाकला.

"बठ्ठा?" भिकुबाईच्या तोंडून निघालं. सकाळपासूनची सगळी मेहनत होती ती. आणि ही तीच बाई होती, जी दोऱ्याचं टोकसुद्धा वाया जाऊ देत नव्हती, साबणाच्या वडीचे तुकडे करून वाटत होती.

"आता कुठली पडलेली ते तुला ओळखता येतंय का? नाही ना. मग बठ्ठा," सिस्टर म्हणाली. "फेकत नाही मी. धुवू, उन्हात घालू, पुन्हा घड्या घालू. पण असं कुणाच्या अंगाला लावणार नाही. तुझ्या नवऱ्याच्या तर नाहीच."

भिकुबाईला शरम वाटली. बाकीच्या बायका बघत होत्या. ती उठली, पुन्हा हात धुतले आणि रिकाम्या हातांनी खाटेपाशी येऊन बसली. तिथे तिला बांधावरचा तांब्या आठवला. त्यातल्या सुईला कुणाचं काय लागलं होतं, ते कुणीच ओळखलं नव्हतं.

संध्याकाळी पितांबर मुकादम आला. बरोबर ट्रॅक्टर. त्याला वाईट वाटत होतं यात काही खोटं नव्हतं. पडलेल्या घडावरून आपण जास्त बोललो हे त्याच्या मनाला लागलं होतं. त्यानं निंबाच्या कपाळावर हात ठेवला आणि तो चिडला.

"इतला ताप, आनि बाटली बी नही लावेल?" तो भिकुबाईला म्हणाला. "पेलाघाई पाणी पाजी राहिनी? चाल, ट्रॅक्टर आनेल शे. सुपडू दोन बाटल्या लावाले तयार शे. खर्च मन्हा. तुन्ही सासूनी बी सांगेल शे, लई या म्हनीसन."

भिकुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मुकादमाशी ती आजवर मान वर करून बोलली नव्हती. निंबाच्या श्वासाचा आवाज येत होता. नेला आणि बरा झाला तर सगळे मुकादमाचं नाव घेतील. ठेवला आणि काही झालं तर सगळे तिचं नाव घेतील. तिला हे लख्ख दिसत होतं.

"आबा," ती म्हणाली, "बांधवर तुमी पहिला व्हतात. ह्या शेवटला व्हतात. तुमले काही व्हयनं नही. यास्ले व्हयनं. सुई एकच व्हती, मी मन्हा डोयाघाई देखं." ती थांबली. तिला भीती वाटली, पण बोलणं अर्ध्यावर सोडता येईना. "आठे कोनी शेवटला नही, आबा. मी यास्ले लई जाव नही."

पितांबराच्या रीतीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. रागानं त्याचं तोंड लाल झालं, मग तो राग कुठे ठेवायचा ते त्याला सुचेना, मग त्यानं निंबाकडे बघितलं आणि टोपी काढून पुन्हा घातली.

"मी काय मुद्दाम करं का?" तो हळू म्हणाला.

"नही, आबा. तुमी ते बठ्ठासनं भलं पाहीसन करं."

तो गेला. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, दूर गेला. भिकुबाई पेला घेऊन पुन्हा पाजायला बसली. आपण हे काय बोलून बसलो, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता.

सकाळी सिस्टरनं पट्टी काढली. भिकुबाई दाराशी उभी राहून सिस्टरच्या तोंडाकडे बघत होती, जखमेकडे नाही. सिस्टरचं तोंड रोजसारखंच होतं. तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर वाकले, चष्मा सावरला, पुन्हा वाकले.

"आतून लाल मांस दिसतंय," ते म्हणाले. "पू थांबला. ताप किती?"

"उतरला," सिस्टर म्हणाली. "पहाटेपासून घाम येतोय."

"मग जळगाव नको. पाय राहिला." हे ते भिकुबाईकडे वळून म्हणाले. भिकुबाईनं मान हलवली. तिला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. ती नळावर गेली, हात धुतले आणि घड्या घालायला बसली.

दुपारी धुरपदाबाई आली. पुनाच्या गाडीत बसून, डोक्यावर भाकरीचं फडकं घेऊन आली. मुकादम रिकाम्या हातानं परतला तेव्हाच तिनं ठरवलं होतं की आता आपणच जायचं आणि पोराला उचलून आणायचं. वाटभर तिनं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, आणि पुनानं ते सगळं ऐकलं होतं.

ती व्हरांड्यात चढली तेव्हा निंबा भिंतीला हात लावून संडासाकडून परत येत होता. लंगडत होता, पण एकटा होता. आईला बघून तो थांबला आणि म्हणाला, "माय, भूक लागनी. काय आनेल शे?"

धुरपदाबाईचं जुळवलेलं सगळं गेलं. ती मटकन खाली बसली आणि फडकं सोडायला लागली, पण गाठ सुटेना, कारण डोळ्यांना दिसत नव्हतं. निंबानंच गाठ सोडली. त्यानं कुशीवर आडवं होऊन भाकरी खाल्ली, ठेचा मागून घेतला, पाणी मागितलं. ती त्याचा घास न् घास बघत होती. मग तिनं गावित सिस्टरला हाक मारली.

"बाई, इतली दूर उनी शे मी. मन्हा गुडघासले एक सुई द्या ना."

"नाही," सिस्टर म्हणाली. "गोळी देते. जेवून घ्यायची."

"कशी कवडीचुंबक बाई शे," धुरपदाबाई पुनाला म्हणाली, पण गोळी तिनं पदराला बांधली.

भिकुबाई कोपऱ्यात घड्या घालत बसली होती. सासू आलेली तिनं पाहिली होती, पण उठून सामोरी गेली नव्हती. तिच्यात तेवढं बळ नव्हतं. धुरपदाबाई गुडघ्यांवर हात टेकत तिच्यापाशी येऊन बसली.

"मी तुले तोंडले उनं ते बोलनू," धुरपदाबाई म्हणाली. "तू व्हती म्हनीसन मन्हा आंडोर चाली राहिना. ध्यानमा नको ठेवू, माय."

भिकुबाई काहीतरी बोलणार होती. पण आल्यापासून ती नीट निजली नव्हती, आणि आता निजायला काही हरकत उरली नव्हती. हातातली घडी अर्धी झाली होती. तिची मान कलली आणि ती बसल्या बसल्या सासूच्या मांडीवर गेली. धुरपदाबाईनं मांडी हलवली नाही. गुडघा ठणकत होता तरी हलवली नाही.

गावित सिस्टर घड्यांचं तबक न्यायला आली. अर्धं तबक रिकामं बघून तिनं तोंड उघडलं.

"चूप बठ, बाई," धुरपदाबाई म्हणाली. "ती निजेल शे."

त्या व्हरांड्यात सिस्टरला कुणी गप्प बसायला सांगितल्याचं पुनानं प्रथमच ऐकलं. सिस्टरनं निजलेल्या बाईकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं, आणि आवाज न करता तबक उचलून, उरलेल्या घड्या घालायला स्वतःच खाली बसली.